खाडी माडाखालची माती नेतेय, भिंत बांधू की कांदळ लावू?

प्रश्न: नमस्कार ताई, देवबागला कर्ली खाडीच्या काठी आमची माडाची बाग आहे. उधाणाला काठ ढासळतो, त्यात टुरिस्ट बोटींच्या लाटा, दोन माडांची मुळं उघडी पडलीत. शेजारी म्हणतात काँक्रीटची भिंत घाल, मुलगा म्हणतो कांदळ, म्हणजे खारफुटीची झाडं लाव. झाडांनी खरंच काठ धरतो का?

उत्तर: धरतो दादा, पण कुठे लावता त्यावर सगळं आहे. भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरून पायथ्याचीच माती उकरते आणि भिंत संपते तिथे शेजाऱ्याचा काठ आणखी खचतो, म्हणून मी तरी भिंतीच्या बाजूची नाही. कांदळाच्या कमानीसारख्या मुळांत पाण्याचा जोर मोडतो, गढूळ पाणी थबकतं आणि गाळ तिथेच बसतो, काठ हळूहळू भरत जातो.

एका खाडीत मी बघितलंय, हौसेने शेकडो रोपं पार खाली लावलेली, जिथला चिखल ओहोटीलाही जेमतेम उघडा पडतो, वर्षभरात नुसत्या काठ्या उरल्या आणि त्यांना शिंपल्या चिकटलेल्या, बघून जीव तुटला. या झाडांना पाणी हवं तसा उघडं राहायला वेळही हवा. म्हणून आधी ओहोटीला काठाने फिरा, चिपी, तिवर, कांदळ या खारफुटीच्या झाडांची आपोआप आलेली रोपं कुठल्या उंचीवर आहेत ते बघा, तुम्हीपण तेवढ्याच उंचीवर लावा.

तुमचा काठ उभा कापला गेला असेल तर नुसतं रोप टिकणार नाही, पहिली लाटच नेईल. काठापासून थोडं पुढे बांबूचे खुंट ठोकून मध्ये फांद्या दाबून वई, म्हणजे कुंपण घाला, पाणी आरपार जाऊ दे पण लाट मोडू दे. इंडोनेशियात जावा बेटावर डेमाकच्या किनाऱ्याला असंच केलंय, आधी वईमागे गाळ साठू द्यायचा, मग कांदळवन.

पावसाळ्यात कांदळाच्या शेंगा पिकतात, टोपीखाली पिवळा पट्टा दिसला की तयार. टोकाची बाजू खाली करून तिसरा हिस्सा चिखलात खोचा, दोन शेंगांत मीटरभर अंतर. वर कोरड्या काठावर उंडी, करंज, भेंडी (भाजीची नव्हे, भेंडीचं झाड) लावा.

वई घालण्याआधी वन खात्याच्या कांदळवन कक्षात विचारा, किनाऱ्यावरच्या कामाला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची परवानगी लागू शकते आणि आधीचं एकही कांदळ तोडू नका. काठाचा ओहोटीतला फोटो पाठवाल का? उतार बघून वई किती पुढे घ्यायची ते सांगते.