आधी पान दाखव

अगं, तुझे फोटो बघितले. सुंदर आलेत, पण सगळ्यांत नुसती फुलंच, एकातही धड पान नाही, मग मी नाव सांगू कसं?

पुळणीवरचं ते जांभळट गुलाबी फूल बहुतेक मर्यादवेलीचं, पण बहुतेकवर थांबू नकोस. पान आपट्यासारखं टोकाला चिरलेलं आहे का बघ, तिच्या शास्त्रीय नावात, आयपोमिया पेस-काप्रीमध्ये, शेळीचा पाय आलाय तो त्या पानामुळेच. देठ मोडला की पांढरा चीक येतो. तिथेच वाळूत अबईच्या भाऊबंदातला एक वेल पसरतो, फुलाचा रंग साधारण तोच, त्यामुळे लांबून हमखास गंडायला होतं, पण त्याची पानं तीन-तीन आणि फूल वाल-घेवड्यासारखं. आणि जायचं ते सकाळी गं, उन्हं चढली की मर्यादवेलीची फुलं मलूल होतात आणि मग तू म्हणणार फोनमधलं गूगल लेन्स काहीतरीच नाव दाखवतंय.

खरी मजा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पण ती पावसाळ्यात. पांढऱ्या फुलांची दीपकाडी बघायची असेल तर पहिल्या पावसाच्या मागेमागे, जून-जुलैत रत्नागिरीला ये. मी पहिल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत गेले होते, दिवसभर कातळावर गुडघे सोलवटून घेतले आणि एक पांढरं फूल दिसलं नाही, सगळी कधीच संपलेली. सीतेची आसवं मात्र तेव्हा ढिगानं होती, पाणी झिरपणाऱ्या कातळावर निळी-जांभळी चादरच. आता इथे माझाच नियम मोडतो बघ, फूल आलं तेव्हा पान शोधूनही सापडेना. मग ओली जागा बघायची आणि फुलाच्या मागचं शेपटीसारखं टोक बघायचं. मुळं तर त्याला नसतातच, मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म किडे अडकतात, एवढंसं नाजूक फूल पण मांसाहारी! (आमच्या शाकाहारी काकूला हे सांगितलं तर तिनं फुलाला हात लावला नाही.)

उपटू मात्र काही नकोस. पावसात कुंपणावर कळलावी दिसेल, लाल-पिवळी, ती तर विषारीच.

आता तो खाडीकडचा निळा फोटो. रविवारी ओहोटीची वेळ बघून परत जा, पानाच्या कडेला काटे असले तर मारांडी. बोटाला टोचलं तरी चालेल, पण या वेळी पानाचा फोटो पाठव.

तुझी मावशी