लव्हेंडरच्या तेलाने गुडघ्याची सूज खरंच उतरते का?

तुम्ही विचारलंय की आईंच्या झिजलेल्या गुडघ्यांना लव्हेंडरचं इसेन्शियल ऑइल रोज चोळलं तर सूज उतरेल का, आणि मग गोळ्या बंद करता येतील का. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. तेल जरूर लावा, पण त्याच्याकडून काय मिळेल ते आधी समजून घ्या.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे. सूज कमी करणारं औषध तपासायची आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे उंदराच्या पंजात कॅरागीनन टोचायचं. हा समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ. तीन-चार तासांत पंजा टम्म फुगतो आणि मग त्याचं आकारमान मोजतात. लव्हेंडरच्या तेलाने ही सूज कमी झालेली आहे. त्यातली मुख्य द्रव्यं, लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट, वेगळी काढून दिली तरी झाली. पेशींवरच्या प्रयोगांत टीएनएफ-अल्फासारखे दाह भडकवणारे रेणूही घटलेले दिसतात. त्यामुळे ‘हे सगळं नुसत्या सुवासाचं समाधान’ असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही.

अडचण आहे ती मात्रेची. अशा एका प्रयोगात मात्रा होती किलोमागे 200 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सरळ हिशोबाने ती 12 ग्रॅम होते. उंदरावरून माणसाची मात्रा काढताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशोब धरतात, तसा धरला तरी जवळपास 2 ग्रॅम, म्हणजे पन्नासेक थेंब, आणि तेही शरीराच्या आत. (म्हणून पिऊन बघू नका, ते धोक्याचं आहे.) याउलट मालिशनंतर लिनालूल साधारण वीस मिनिटांत रक्तात सापडतं खरं, पण नॅनोग्रॅममध्ये मोजावं इतकं, आणि दीड तासात जवळजवळ नाहीसं होतं. गुडघ्याच्या आतल्या दाहावर एवढ्याशा तेलाने औषधासारखा परिणाम होईल असं मानायला मी तयार नाही.

तरीही माणसांवर अगदीच काही दिसलं नाही असं नाही. गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांना लव्हेंडरच्या तेलाने मालिश केल्यावर वेदना लगेच आणि आठवड्याभरानंतरही कमी होत्या. चार आठवड्यांनी मात्र फरक उरला नव्हता. दुखऱ्या गुडघ्याने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला आठवडाभराचा आराम थोडा नसतो. तेवढ्यासाठी मी हे तेल नक्की सुचवेन.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला भोगावी लागली. बरेच महिने झाकण सैल राहिलेल्या बाटलीतलं तेल मी मनगटाला लावलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे लाल, खाजरं पुरळ उठलं. हवा लागली की लिनालूलचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून बनणारी हायड्रोपेरॉक्साइडं त्वचेला ॲलर्जी आणतात. सूज उतरवायला आणलेलं तेल अशा वेळी स्वतःच सूज आणतं. म्हणून लहान, गडद रंगाची बाटली घ्या, झाकण घट्ट लावा, थंड जागी ठेवा आणि वास बदललेलं तेल टाकून द्या.

बाटलीवर ‘लॅव्हंड्युला अँगुस्टिफोलिया’ हे खऱ्या लव्हेंडरचं शास्त्रीय नाव शोधा. लॅव्हंडिन नावाने मिळतं ते संकरित झाडाचं, त्यात कापूर जास्त असतो. तेल कधीच थेट लावायचं नाही: 10 मिली बदामाच्या किंवा तिळाच्या तेलात 4 थेंब, म्हणजे साधारण 2 टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. काही झालं नाही तर झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं हलक्या हाताने चोळा, जखमेवर नको. आणि गुडघा अचानक लाल, गरम झाला किंवा सोबत ताप आला, तर मालिश न करता त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्या.