पावसात लाईट जाते, तरी गेममधली कामं (लाकूडतोड, मासेमारी वगैरे) आपोआप करणाऱ्या तीन स्क्रिप्ट एकामागोमाग कशा चालवायच्या? (मालवण, विंडोज पीसी)

तिन्हींना वेगवेगळ्या वेळा देऊ नका. एकाच बॅच फाइलमध्ये (विंडोजला द्यायच्या आदेशांची साधी यादी) ओळीने लिहा आणि टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा विंडोजमधला प्रोग्रॅम) फक्त ती फाइल द्या. शेड्युलर घड्याळ बघतो, आधीची स्क्रिप्ट संपली का ते नाही. त्यामुळे लाकूडतोडीची लांबली तरी मासेमारीची ठरल्या वेळी उठते आणि दोघी एकाच माउससाठी भांडतात. प्रत्येक ओळीत 'स्टार्ट' (start) या आदेशाला 'वेट' (/wait) जोडा, म्हणजे पहिली बंद झाल्याशिवाय दुसरी उघडत नाही. (अर्थात, स्क्रिप्ट स्वतःहून बंद होणारी हवी, नाहीतर रांग तिथेच अडकली.)

आता लाईट. सुरू व्हायच्या वेळीच गेलेली असेल, तर टास्कच्या सेटिंग्जमधला 'वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर चालवा' अशा अर्थाचा पर्याय टिक करा. मधेच गेली तर याचा उपयोग नाही, फाइल हाताने पुन्हा लावावी लागेल. माउस हलवणाऱ्या स्क्रिप्टला उघडी स्क्रीन लागते, तेव्हा लॉगिनही तुम्हालाच करायचंय.

हे ऑफलाइन गेमसाठी किंवा स्वतःच्या सर्व्हरसाठी ठीक. रूनस्केपसारख्या ऑनलाइन गेममध्ये बॉटला (आपोआप खेळणाऱ्या अशा स्क्रिप्टला) मनाई आहे, सापडलात तर खातं जाऊ शकतं.