लोक नाटकाला आलेत

प्रिय मुली,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. पहिलं रेस्टॉरंट जोरात चाललंय, पेपरात फोटो, रीलवाले दारात उभे, आणि आता त्या नवीन नाट्यगृहवाल्यांनी विचारलंय की आमच्या इमारतीत दुसरं उघडा, किचन आम्ही बांधून देतो, बोर्डावर नाव तुमचं. आणि तू मला विचारतेस की काकू, तोच मेनू नेऊ का नवीन करू. अगं मेनूचा प्रश्न फार नंतरचा आहे. तुझा हात चांगला आहे वगैरे मी सांगत बसत नाही, ते तुलाही माहितीये आणि मलाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. तुझ्या पहिल्या जागी लोक तुझ्यासाठी येतात. इथे लोक नाटकाला आलेत.

हो कळलं म्हणशील. नाही कळलेलं. कळलं असतं तर मेसेजमध्ये सात कोर्सच्या टेस्टिंग मेनूचा, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या छोट्या ठरलेल्या पदार्थांचा, विषयच निघाला नसता. साधा हिशोब कर ना, तसा मेनू नीट जेवायचा तर दोन-अडीच तास लागतात आणि दोन अंकी नाटकाला मध्यंतर धरून तेवढेच लागतात. एका संध्याकाळी एका माणसाला दोन्ही होत नाही. म्हणजे तुझ्याकडे जो बसेल तो नाटक बघणार नाही आणि जो नाटक बघेल त्याला द्यायला तुझ्याकडे काही नसेल.

तू इंडियन अ‍ॅक्सेंट रेस्टॉरंटचं उदाहरण दिलंस. बरोबर आहे, 2009 ला दिल्लीत सुरू झालं, शेफ मनीष मेहरोत्रांनी त्याचं नाव केलं आणि 2023 ला ते मुंबईत आलं ते थेट बीकेसीच्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये, जिथलं मोठं थिएटर एकटंच 2000 खुर्च्यांचं आहे. पण ते मुंबईत आलं तेव्हा चौदा वर्षांचं होतं, मागे हॉटेलधंद्यात मुरलेली कंपनी होती, आणि नाटकबिटक काही नको, फक्त जेवायला बीकेसीत येऊ असं म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना मिळतं. आणि 2024 मध्ये मेहरोत्रा बाहेर पडले तरी चूल पेटती राहिली. तुझ्याकडे तुझ्याशिवाय अजून कोणी धड सीझनिंग चाखत नाही, हे तूच मला मागच्या दिवाळीत रडत रडत सांगितलं होतंस. मग दोन किचन एकाच वेळी चालतील तेव्हा तू कुठल्या पासवर, म्हणजे ताटं बाहेर जातात त्या काउंटरवर, उभी राहणार ते आधी मला सांग.

दुसरं उदाहरण तू शेफ क्वामे ओनवुआचीचं दिलंस, ते मला जास्त आवडलं, पण तू ते अर्धंच वाचलंयस. त्याचं टाटियाना रेस्टॉरंट 2022 ला न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये, डेव्हिड गेफेन हॉलमध्ये उघडलं, नाटकाचं नाही संगीताचं सभागृह पण ते सोड, आणि 2023 ला न्यूयॉर्क टाइम्सच्या शहरातल्या शंभर रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलं. हे तुला पाठ आहे. पण त्याच्या आधी याच माणसाने वॉशिंग्टनमध्ये शॉ बिजू नावाचं रेस्टॉरंट काढलं होतं, 2016 च्या शेवटी सुरू आणि 2017 च्या जानेवारीत बंद. तिथे तो स्वतःच्याच आयुष्याची गोष्ट एकामागून एक कोर्समधून सांगत होता. बंद पडण्याची कारणं बरीच असतील, पैशाचं होतंच. पण लिंकन सेंटरमध्ये आल्यावर त्याने काय केलं बघ. ते सेंटर जिथे उभं आहे तिथे आधी सॅन वॉन हिल म्हणून कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन लोकांची वस्ती होती, ती पाडून ही सभागृहं बांधली. क्वामेने त्या वस्तीची, तो वाढला त्या न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सची, नायजेरियाची आणि कॅरिबियन बेटांची चव त्या संगमरवरी इमारतीत आणली, एगुसीचे (खरबुजासारख्या फळाच्या बियांचे) मोमोसारखे डंपलिंग, ‘सुया’ नावाच्या नायजेरियन मसाल्याची पस्त्रामी (खारवून धुरावलेलं मांस), आणि रेस्टॉरंटला नाव दिलं बहिणीचं, स्वतःचं त्याच्यामागे लावलं. जागेला विचारून मेनू केला त्याने. तू जागेला काही विचारलंयस का? त्या सभागृहात एक तरी प्रयोग बसून बघितलास का? मेसेजमध्ये किचनचे स्क्वेअर फूट आहेत, ब्रँडिंग आहे, टाइल्सचा रंगसुद्धा आहे, नाटकाचा एक शब्द नाही. म्हणून मला राग आला, खरं सांगते.

आता माझं ऐक. मी नाट्यगृहाच्या उपहारगृहात आयुष्याची बरीच वर्षं काढली आहेत आणि तिथे मी काय शिकले ते तुझ्या कॉलेजात कोणी शिकवलेलं नसणार. बालगंधर्वसारखं थिएटर धर, 1968 चं, 989 खुर्च्या. हाउसफुल प्रयोगाला त्यातले एक तृतीयांश लोक जरी खायला बाहेर आले तरी सव्वातीनशे माणूस झाला. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, त्यात शेवटची चार-पाच मिनिटं परत आत जाण्यात जातात, म्हणजे तुझ्या हातात दहा मिनिटं आणि मिनिटाला तीसच्या वर प्लेटा. दोन वड्यांची प्लेट धरली तर साडेसहाशे वडे, आणि ते गरम हवेत, कारण नाट्यगृहाचा बटाटावडा थंड दिला तर पुणेकर, ठाणेकर, दादरकर कोणीही माफ करत नाही. मोठ्या कढईत एका घाण्याला पंचवीस-तीस वडे बसतात आणि घाण्याला चार-पाच मिनिटं जातात. मग कसं जमायचं? अंक चालू असतानाच पहिले घाणे जरा कच्चे काढून ठेवायचे आणि पडदा पडायच्या तोंडावर परत तेलात सोडायचे. पण पडदा कधी पडणार हे घड्याळ सांगत नाही. एखाद्या नटाला त्या दिवशी हशा मिळाला की तो सीन लांबवतो, सोमवारच्या प्रयोगाला तोच सीन भराभर संपतो. म्हणून आमचा एक मुलगा डोअरकीपरच्या शेजारी उभा असायचा, त्याला चालू नाटकांच्या पहिल्या अंकाचं शेवटचं वाक्य पाठ असायचं, ते वाक्य जवळ आलं की तो हात वर करायचा आणि इकडे झारे चालू व्हायचे. हशा लांबला की मूठ दाखवायचा, मग आम्ही थांबायचो. माझ्या किचनमधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस कोण होता विचारशील तर तो. तळणारा नाही, मी नाही, तो ऐकणारा.

हे मी जुन्या दिवसांचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. लोक नाटकाला आलेत, म्हणून नाटक ऐकणारा माणूस तुझ्या किचनमध्ये पाहिजे. आतल्या स्टेजचा आवाज किचनमध्ये यावा म्हणून स्पीकर मागून घे, करारात लिहून घे.

आणि बायकांच्या टॉयलेटची लाइन बघ एकदा. हसू नकोस. मध्यंतरातली सात-आठ मिनिटं तिथेच जातात, मग बाई बाहेर येते, एका हातात पर्स, तिला उभ्याने, एका हाताने, तीन मिनिटांत खाता येईल असं काय आहे तुझ्याकडे? काटा-चमचा लागणारं काही असेल तर ते तिच्यासाठी नाही. लंडनमध्ये 2017 ला ब्रिज थिएटर उघडलं, 900 खुर्च्यांचं, तिथलं खाणं सेंट जॉनकडे होतं. हे सेंट जॉन म्हणजे 1994 पासूनचं फर्गस हेंडरसनचं रेस्टॉरंट, हाडातला मगज भाजून पावाबरोबर देणारं, जगभरचे शेफ तिथे डोकं टेकवून येतात. थिएटरमध्ये त्यांनी मगज नाही नेला. मध्यंतराला ताज्या भाजलेल्या मॅडलिन ठेवल्या, शिंपल्याच्या आकाराचे छोटे केक, दोन बोटांत धरायचे आणि परत जाऊन बसायचं. एवढा मोठा शेफ आणि एवढी छोटी गोष्ट. नाव असलेल्या माणसाने थिएटरमध्ये कसं वागावं याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात सुंदर उदाहरण आहे.

तुला वाटेल काकू मला वडापावची गाडी लावायला सांगतायत. नाही. प्रयोगाआधीचा दीड तास तुझा आहे, तिथे एक ताट, एक किंमत, ऑर्डर बसल्या बसल्या, बिल जेवणाआधी, आणि पहिली घंटा व्हायच्या आत माणूस हात धुऊन उठलेला पाहिजे. प्रयोग सुटल्यावरची वेळही तुझी आहे, तेव्हा लोक नाटकाबद्दल बोलायला जागा शोधत असतात आणि अख्ख्या शहरात त्यांना गरम जेवण मिळत नाही, नटमंडळीही मेकअप उतरवून भुकेलेली असतात. तिथे तुझा सगळा हात दाखव, मांदेली तळ, काळ्या मसाल्याचं मटण कर, तुझं ते नाचणीचं काय ते कर. मधले अडीच तास मात्र नाटकाचे. त्या वेळात मिक्सर नाही, कांदा-लसणाची फोडणी नाही (एसीच्या डक्टमधून वास थेट पाचव्या रांगेत जातो, मी बघितलंय), भांडी घासायची तर दार लावून. गॅसला परवानगी मिळेल का इंडक्शनवर चालवावं लागेल, फायर एनओसी कोणाच्या नावावर, हे सही करण्याआधी विचार. ज्या इमारतीत हजार माणसं अंधारात बसतात तिथे हे कागद म्हणजे फॉर्मॅलिटी नाही.

माझ्याबद्दल लोकांनी तुला काय सांगितलंय ते मला माहितीये. म्हणे काकूंचा हट्ट नडला. सांगते काय झालं. आमच्या तिथल्या व्यवस्थापनाला मेनू वाढवून पाहिजे होता, पनीर चिली, नूडल्स, पिझ्झा, म्हणजे भाडं वाढवता येईल. मी म्हटलं वडा, साबुदाणा खिचडी, कोथिंबीर वडी, चहा, कॉफी, कोकम, याच्या पुढे एक पदार्थ नाही, कारण याच्या पुढचा कुठलाही पदार्थ दहा मिनिटांत तीनशे माणसांना नीट देता येत नाही आणि मी कच्चंपक्कं देणार नाही. पुढच्या टेंडरला दुसऱ्याने जास्त बोली लावली, जागा गेली. आज परत तीच वेळ आली तर मी तेच म्हणेन, त्याच शब्दांत. तिसरी घंटा झाली तेव्हा माझ्या काउंटरसमोर प्लेट हातात धरून धावणारं माणूस कधी दिसलं नाही, आणि याचा मला कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त अभिमान आहे. याला हट्ट म्हणायचं असेल तर म्हणू देत.

खंत आहे ती वेगळीच आहे. इतकी वर्षं तिथे काढून मला पहिल्या अंकांची शेवटची वाक्यं तेवढी माहितीयेत. दुसरे अंक मी बघितलेच नाहीत, तेव्हा भांडी चालू असायची. शाळेच्या गॅदरिंगला माझी लेक त्याच स्टेजवर नाचली आणि टाळ्या मी भिंतीपलीकडून ऐकल्या. मोठमोठी माणसं तिथे काम करून गेली, माझ्या हातचा चहा पिऊन गेली, आणि त्यांचं काम मी खुर्चीत बसून बघितलं नाही. ते आता परत मिळत नाही. म्हणून तुला सांगते, आधी प्रेक्षक हो.

पैशाचंही बोलू, कारण तू त्याबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. फिक्स भाडं कबूल करू नकोस. विक्रीवर टक्केवारी माग, आणि प्रयोग नसलेल्या दिवसांचं भाडं नाही असं कलम टाक. शनिवार-रविवार मराठी नाटक भरतं, मंगळवारी तिथे कोणाचा तरी सत्कार असतो आणि त्यांचं जेवण बाहेरून आलेलं असतं. थिएटर बंद तर तू बंद. 2020 च्या मार्चला नाट्यगृहं बंद झाली, नोव्हेंबरात अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, परत बंद झाली ती 2021 च्या 22 ऑक्टोबरपर्यंत. महामारी जाऊ दे, ठाण्याचं गडकरी रंगायतन दुरुस्तीसाठी महिनोन्महिने बंद होतंच की. तुझं पहिलं रेस्टॉरंट रस्त्यावर आहे, पार्सलवर तगलं असतं. नाट्यगृहाच्या आत पार्सल घ्यायला कोण येतं? एवढ्या काळात पगार कुठून देणार, आकडा काढून ठेव.

तर आता असं कर. सही पुढच्या महिन्यावर ढकल, त्यांना घाई असेल तर असू दे. या शनिवारी कुठल्याही चालू थिएटरचं शेवटच्या रांगेतलं तिकीट काढ, मध्यंतराला सगळ्यांच्या आधी धावू नकोस, गर्दीबरोबर बाहेर ये, लाइनीत उभी राहा, काहीतरी खा आणि तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत परत जाऊन बस. जमलं का, किती वेळ उरला, हात कशाला पुसलेस, ते लिहून पाठव. दुसरा अंक पूर्ण बघ. आणि त्या नवीन इमारतीचा नकाशा माग, त्यात किचनचं एक्झॉस्ट कुठून बाहेर काढलंय ते मला बघायचंय.

तुझी,
काकू