लघवीची पिशवी घरी कशी सांभाळायची?

प्रश्न : सासऱ्यांची प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली म्हणून यवतमाळला लघवीची नळी टाकून, तिला पिशवी जोडून घरी पाठवलं. शेजारीण म्हणते नळीची जागा रोज डेटॉलने धुवा. लघवी गढूळ दिसते, मेडिकलमधून गोळ्या आणू का? – एक सून, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, डेटॉल-बिटॉल काही नको, कातडी जळते उगाच. आंघोळीच्या वेळी साध्या साबण-पाण्यानं धुवा, बस झालं, रोजच्या धुण्यात अँटिसेप्टिकचा जास्त फायदा अभ्यासातही दिसलेला नाही. खरी गडबड होते पिशवीच्या उंचीत. ती बाजेच्या कडेला, पोटाच्या खाली लटकली पाहिजे पण जमिनीला टेकायला नको, आणि ऑटोत बसवताना आपले लोक हमखास मांडीवर ठेवतात, मग तीच लघवी उलटी मूत्राशयात जाते! पाऊण भरायच्या आत रिकामी करा, आधी-नंतर हात धुवा, नळी-पिशवीचा जोड उघडू नका.

गढूळपणाचं म्हणाल तर महिनाभर नळी राहिली की जंतू जवळपास सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. ताप, हुडहुडी, पोटात दुखणं, बरळणं असलं काही नसेल तर गोळ्या नकोच, उगाच खाल्ल्या की जंतू निबर होतात अन् खरी गरज पडली तेव्हा औषध लागू पडत नाही. यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पिशवीत काहीच येत नसेल तर आधी नळीला पीळ बसलाय का बघा. नसेल अन् पोट फुगत असेल तर लगेच दवाखाना. नळी घरी ओढून काढू नका, आत पाण्यानं फुगवलेला फुगा असतो.