वाचकांचे प्रश्न : जनावराची सुई, फडातली पिल्लं आणि कठडा नसलेली विहीर

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी माळावर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची. आता फक्त कुत्री येतात. जनावरांच्या औषधाने गिधाडं मेली म्हणतात. मग गाय दुखण्याने बसली तर सुई कोणती द्यायची? डॉक्टर देतात ती सौम्य असते, तिने फरक पडत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.
– एक पशुपालक, म्हसवड (जि. सातारा)

औषधाने मेली हे खरं आहे. डायक्लोफिनॅक हे त्या औषधाचं नाव. दगडी (कासेची सूज), ताप, लंगडणं, कशालाही ते दिलं जायचं. सुई दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत दगावलं तर औषध मांसात उरतं. गिधाडाने ते खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडतं, युरिक आम्ल रक्तात साचतं आणि यकृतावर, हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसतो. मान खाली टाकून बसलेला पक्षी दोन-तीन दिवसांत मरतो. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशातून ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. एका मढ्यावर पन्नास-साठ पक्षी बसतात, त्यामुळे शंभरातलं एखादं जनावर विषारी असलं तरी एवढा संहार होतो.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीची ३० मिलीची बाटली गोठ्यात येऊ लागली, म्हणून २०१५ पासून माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसपुरतंच भरायचं असा नियम झाला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक जनावरांसाठी बंद झाली. अ‍ॅसिक्लोफिनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, म्हणजे नाव बदलून तेच विष. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस निमेसुलाइडही बंद झालं. गोठ्यातल्या डब्यात या चारपैकी कशाचीही जुनी बाटली किंवा गोळी असेल तर वापरू नका. जोडऔषधांवर छापील नाव मोठं आणि घटक बारीक अक्षरात असतात, तेव्हा घटक वाचा. फ्लुनिक्सिनही टाळा, त्यानेही गिधाडं मेल्याची नोंद आहे.

गिधाडांना सुरक्षित ठरलेली दोन औषधं म्हणजे मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिड.

आता ‘सौम्य’ या तक्रारीकडे येऊ. आमच्या मते ही तक्रार बहुतेक वेळा औषधाची नसून मापाची असते. मेलॉक्सिकॅमचा गाईसाठीचा डोस वजनाच्या दर किलोला ०.५ मिलिग्रॅम. ४०० किलोच्या गाईला २०० मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर ‘प्रति मिली २० मि.ग्रॅ.’ असेल तर ते १० मिली होतं. ‘प्रति मिली ५ मि.ग्रॅ.’ असेल तर ४० मिली. दुसऱ्या बाटलीतून सवयीने १५ मिली टोचलं तर जनावराला मिळतं ७५ मिलिग्रॅम, गरजेच्या निम्मंसुद्धा नाही. मग संध्याकाळी गाय उठत नाही, औषधाला नाव ठेवलं जातं आणि मेडिकलमधून दुसरंच काही आणलं जातं. डॉक्टर आले की वजनाचा अंदाज आणि बाटलीवरचा आकडा दोन्ही त्यांच्याशी बोलून घ्या. मात्र हगवणीने पाणी आटलेल्या जनावराला ही सुई स्वतःहून देऊ नका; तशा अवस्थेत त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो.

बंदी असलेलं औषध दिलेलं जनावर आठवड्याच्या आत दगावलं तर उघड्यावर टाकू नका. विहीर-ओढ्यापासून दूर, सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर काळपुळीचा संशय धरा. ते कापू नका, कातडं काढू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

गिधाडं परत यायला वेळ लागेल. मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षं जातात. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली आहेत. सोडलेला पक्षी शेकडो किलोमीटर फिरतो, त्यामुळे म्हसवडच्या बाजारातल्या जनावराला कोणती सुई दिली हा प्रश्न तिथल्या जंगलाचाही आहे.

ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची तीन पिल्लं सापडली. टोळीतल्या पोरांनी ती उचलून बांधावर आणली, दूध पाजलं. माणसाचा हात लागल्यावर आई पिल्लं घेत नाही म्हणतात. अशा वेळी काय करावं?
– एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका (जि. सांगली)

हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. ती येत नाही ते माणसं, ट्रॅक्टरचा दिवा आणि आवाज तिथून हटत नाहीत म्हणून. ती बहुधा जवळच्याच उसात दबा धरून असते.

पिल्लं दिसली की त्या बाजूची तोड लगेच थांबवा. कोयते दुसऱ्या टोकाला लावा आणि पिल्लांभोवतीचा उसाचा पट्टा उभा ठेवा. १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करा. दूध अजिबात पाजू नका. गाईच्या दुधाने हगवण लागते, आणि आडवं धरून पाजलं तर ते फुप्फुसात जातं. फोटोसाठी पिल्लू हातोहात फिरवणं तर पूर्ण बंद. उन्हात पडली असतील तर त्याच जागी वर पाचटाची सावली करा.

पिल्लू बिबट्याचंच आहे का, हेही पाहावं लागतं. बिबट्याचं नवजात पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास, लोकरी राखाडी केसांचं, त्यावर दाट काळे ठिपके, पंजे जाड आणि शेपूट लांब. तळहातावर मावेल एवढंसं असेल तर ते वाघाटीचं असू शकतं. जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांत वाघाटीची गणना होते, आणि आपल्याकडच्या उसात ती वितेही. ‘बिबट्या, बिबट्या’ म्हणून गोंधळ होतो आणि हा दुर्मीळ जीव हकनाक मरतो.

पुढचं काम वन विभागाचं आणि पशुवैद्यकांचं, पण ते कसं चालतं हे माहीत असलं की मदत होते. पिल्लं तपासतात. दिवस मावळायच्या सुमारास टोमॅटोच्या क्रेटसारख्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ती सापडलेल्या जागीच ठेवतात. क्रेट हलकं हवं, म्हणजे आईला पंजाने आडवं पाडता येतं. चार-पाच पावलांवर पांढरा उजेड न पडणारा कॅमेरा लावतात आणि सगळे दूर जातात. मादी येते, क्रेट पाडते, मानेला धरून एकेक पिल्लू नेते. तिसरं न्यायला येईपर्यंत तास-दोन तास जाऊ शकतात. मधल्या वेळात ‘एक राहिलंय’ म्हणून बॅटरी घेऊन बघायला गेलात तर ते राहूनच जाईल. पहिल्या रात्री आली नाही तर पिल्लांना दिवसा डॉक्टरांच्या देखरेखीत ठेवून पुढच्या दोन-तीन रात्री पुन्हा प्रयत्न करतात. सापडली त्याच रात्री ठेवली तर यशाची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून फोन दुपारनंतरवर ढकलू नका.

एक विनंती मुकादमांना : तोड सोपी व्हावी म्हणून फड चारी बाजूंनी पेटवू नका. आत पिल्लं असली तर ती पळू शकत नाहीत.

खवले मांजर रात्री रस्त्यात अंगाचं वेटोळं करून बसलं होतं. पोत्यात घालून वन खात्याला द्यावं का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

पोत्यात घालू नका. गाडी आडवी लावून वाहतूक थांबवा, दिवे मंद करा, माणसं मागे न्या. धोका टळला असं वाटलं की ते आपोआप उलगडतं आणि निघून जातं. त्याला दात नसतात, ते चावत नाही. मुंग्या आणि वाळवी खाऊन जगतं. जखमी असेल तरच १९२६ वर फोन करून पथक येईपर्यंत राखण करा. त्याचे खवले म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन. त्यात ना औषध, ना गुप्तधन. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे आणि शिकारीला किंवा विक्रीला ३ ते ७ वर्षं कैद आहे. कुणी ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणत आलं तर तेही त्याच क्रमांकावर कळवा.

आमच्या माळावर लांडगे आहेत. मेंढरं नेतात, म्हणून काही जण मढ्यावर विष टाकायचं म्हणतात. शिवाय दरवर्षी एखादा लांडगा किंवा तरस विहिरीत पडतो. दोन्हीवर उपाय सांगा.
– एक मेंढपाळ, जत (जि. सांगली)

विष नको. ते लांडग्यापाशी थांबत नाही. तरस, घार, कोल्हा आणि तुमचा राखणीचा कुत्राही त्यातच जातो. भारतीय लांडगे देशभरात तीन हजारांच्या आसपास उरलेत. माण, खटाव, आटपाडी, जत हे उघडे माळ त्यांच्या हक्काच्या जागांपैकी आहेत. मेंढरू मारलं तर भरपाई मिळते, पण ४८ तासांच्या आत वन कार्यालयाला कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नसतं. दावे इथेच बाद होऊ शकतात.

वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावताना वरची उंची सगळे बघतात, खालची कड कुणी बघत नाही. लांडगा जाळीखालून तोंड घालून कोकरू ओढतो. कडेला दर दोन हातांवर खुंटी ठोका आणि कोकरं मधोमध ठेवा. कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी टोचून घ्या. हे रोग कुत्र्यांकडून लांडग्यांत जातात आणि अख्खा कळप संपवतात. लांडग्यांना पिल्लं हिवाळ्यात होतात, तेव्हा गुहेचं तोंड दगडांनी बुजवू नका.

विहिरीला साडेतीन-चार फुटांचा कठडा हाच खरा इलाज. पैसे जमेपर्यंत काटेरी झुडपांचं कुंपण तरी घाला आणि काठावरचं वाढलेलं गवत काढा. रात्री पाठलागात धावणाऱ्या जनावराला गवतामुळे कड दिसत नाही.

पडलाच तर आधी मोटार बंद करा आणि फ्यूज काढा. फास टाकून ओढू नका; गळ्याला आवळला की मेलाच. बाजेच्या चारही पायांना दोर बांधून ती पाण्याच्या पातळीला सोडा. दमलेलं जनावर त्यावर चढून बसतं आणि पथक येईपर्यंत तग धरतं. विहीर उथळ असेल तर आडव्या पट्ट्या ठोकलेली जाड फळी किंवा शिडी तिरकी लावून सगळ्यांनी निघून जा. काठावर एक माणूस जरी उभा असला तरी ते वर येत नाही.