जमीन घेतलीस, आता आधी पाऊस बघ

लगेच जेसीबी बोलवू नकोस रे. पहिला पावसाळा छत्री घेऊन नुसतं फिर, पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं, कुठली माती वाहून जाते ते बघ. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रीतीने टिकाऊ शेती आणि वस्ती आखायची पद्धत, मांडलं तेव्हाही निरीक्षणावरच भर होता. पाणी अडवायचे चर समपातळीवर, म्हणजे उतारावरच्या एकाच उंचीच्या रेषेवर, खणायचे असतात; ती रेषा काढायला महागडं मशीन नको, तीन बांबूंची ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट, बांध, वरच्या टोकाला दोरी बांधून तिला दगड लटकव, दोरी आडव्या बांबूवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला, तिथे खुंट्या ठोकत जा आणि त्या रेषेवर चर खण.

आणि चौघं मिळून राहणार असाल तर विहिरीचं पाणी कोण किती घेणार, कोणी सोडून गेलं तर पैसे कसे परत द्यायचे हे आधीच कागदावर लिहा, आमची झाडं जगली पण यावरून दोन मित्र कायमचे तुटले, अजून वाईट वाटतं.